पावणेदोन लाखांच्या लॅपटॉपऐवजी पाठीवर नेता येणारा डेस्कटॉप: कुणाला परवडतो, कुणाला नाही?

(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

खिडकीजवळचं टेबल:

गेल्या दिवाळीत माझा लॅपटॉप गेला. किंमत पावणेदोन लाख, वय तीन वर्षं दोन महिने. कंपनीचं नाव घेत नाही. पॉवरच्या भागातलं काहीतरी जळलं होतं, पण प्रोसेसर, ग्राफिक चिप आणि रॅम सगळं त्याच मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डवर, सोल्डर केलेलं, म्हणून अख्खा बोर्ड बदलायचे ८२ हजार सांगितले. मी सर्व्हिस सेंटरमधून तशीच बाहेर पडले.

मी व्हिडिओ एडिटिंग करते, थोडं थ्रीडीही. चार दिवस घरी कोथरूडला, दोन दिवस दादरच्या एका स्टुडिओत, आणि मे महिना कणकवलीला. तिन्हीकडे मी टेबलाशी बसते. तीन वर्षांत तो लॅपटॉप मांडीवर घेऊन रेंडर (तयार कामातून अंतिम चित्र किंवा व्हिडिओ काढणं) लावलं असं एकदाही झालं नाही. होणारही नव्हतं. विमानात १०० वॅट-तासांवरची बॅटरी परवानगीशिवाय नेता येत नाही, म्हणून महागातल्या महाग लॅपटॉपलाही ९९ वॅट-तासांच्या आसपासच बॅटरी देतात. २०० वॅट ओढणारं काम त्यावर अर्धा तास चालेल, तेही हळू, कारण चार्जर काढला की ग्राफिक चिपचा वेग उतरतो.

या वेळी साडेनऊ लिटरच्या कॅबिनेटमध्ये डेस्कटॉप बांधला. मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड, म्हणजे १७ बाय १७ सेंटीमीटर. आठ कोरचा रायझन प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ४०७० ग्राफिक कार्ड, छोटा एसएफएक्स एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा). काट्यावर ६ किलो ३०० ग्रॅम. सोबत १५.६ इंची पोर्टेबल मॉनिटर, तो ८०० ग्रॅमचा. सगळं मिळून एक लाख ६८ हजार.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. ‘४०७०’ हा आकडा लॅपटॉपवरही असतो आणि डेस्कटॉपच्या कार्डावरही. डेस्कटॉपच्या कार्डात ५,८८८ कोर, १२ जीबी मेमरी आणि २०० वॅटची मुभा. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४,६०८ कोर, ८ जीबी मेमरी, आणि वॅट किती द्यायचे ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो, ३५ पासून ११५ पर्यंत. ४०९० मध्ये तर लॅपटॉपला मुळात डेस्कटॉपच्या ४०८० चीच चिप बसवली आहे. नाव एक, माल दुसरा, आणि भरतो आपण नावाचे पैसे.

माझं म्हणणं एवढंच, की ज्याचं काम एका टेबलावरून उठून दुसऱ्या टेबलावर जातं, त्याने दीड लाखाच्या वरचा लॅपटॉप घेऊ नये.

साइटवरची:

ताई, तुमची टेबलं ठरलेली आहेत. माझं नाही.

मी आर्किटेक्ट आहे, काम कराड-सातारा पट्ट्यात. परवाच स्लॅबचं स्टील तपासायला गेले होते. कंत्राटदाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकच बोर्ड, त्याला ग्राइंडर लावलेला. तो सुरू झाला की बल्ब पिवळा पडतो. तिथे मी सिमेंटच्या गोण्यांवर लॅपटॉप ठेवून जिना फिरवून दाखवला, मिस्त्रीने मान डोलावली, आणि काम पुढे सरकलं. संध्याकाळी क्लायंटच्या घरी. आजी-आजोबा, सून-मुलगा सोफ्यावर, मी मध्ये बसून देवघराची भिंत दोन फूट मागे घेऊन दाखवतेय. तिथे सहा किलोचं खोकं काढून "काका, एक प्लग द्याल का" म्हणायचं?

आणि हा प्रयोग जुनाच आहे. १९८१ चा ऑसबॉर्न-१ हा उचलून नेता येणारा संगणक साधारण ११ किलोचा, ५ इंची पडदा, आणि आत बॅटरीच नाही. १९८३ मध्ये बाजारात आलेला कॉम्पॅक पोर्टेबल जवळपास १३ किलोचा, तोही भिंतीला बांधलेला. लोकांनी ती ओझी उचलली कारण दुसरा इलाज नव्हता. इलाज सापडला तेव्हा सोडली.

खिडकीजवळचं टेबल:

सोफ्यावरचं पटलं, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण क्लायंटला जिना दाखवायला पावणेदोन लाखांचं यंत्र लागतं का? मॉडेल फिरवून दाखवायला ६० हजारांचा हलका लॅपटॉप पुरतो. रेंडर घरच्या डेस्कटॉपवर, लागलं तर एनीडेस्क या ॲपने इंटरनेटवरून घरचं मशीन उघडायचं. दोन्ही मिळून तुमच्या एका लॅपटॉपइतकेच पैसे जातील.

वीज जाते, हे मान्य. मे महिन्यात कणकवलीत वळीव आला की पहिली लाइट जाते. तिथे १ केव्हीएचा यूपीएस कायमचा ठेवलाय, दहा-बारा मिनिटं मिळतात. सेव्ह करून बंद करायला पुरतात, काम पुढे न्यायला नाही.

पासोड्या विठोबाजवळचा दुरुस्तीवाला:

दोघींचंही गिऱ्हाईक माझ्या काउंटरवर येतं, म्हणून लिहितो.

भारी लॅपटॉप येतो तो बहुतेक फुगलेल्या बॅटरीने. वर्षभर चार्जरला लावून टेबलावर ठेवलेला असतो, बॅटरी सतत १०० टक्के आणि वर मशीन गरम. टचपॅड एका कोपऱ्यातून उचललेला दिसला की मी गिऱ्हाइकाला आधी मशीन बंद करायला सांगतो. उघडलं की पंख्याच्या जाळीवर फेल्टसारखा कचऱ्याचा थर, थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळून खडू झालेली. जे लोक लॅपटॉप डेस्कटॉपसारखा वापरतात त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन चार्ज ८० टक्क्यांवर अडवावा. बहुतेक कंपन्या ही सोय देतात, आणि बहुतेक लोक ती कधी उघडत नाहीत.

आता ताईंच्या डेस्कटॉपबद्दल. डेस्कटॉप हलवायला बनलेला नसतो. गेल्या महिन्यात एक पोरगा नगरहून एसटीने कॅबिनेट घेऊन आला. ग्राफिक कार्ड सव्वा किलोचं, स्लॉटला आडवं लटकलेलं. खड्ड्याखड्ड्यांत हलून स्लॉटची पकड तुटली आणि कार्डाच्या सोनेरी दातांशेजारी केसाएवढी चीर. ती चीर मी त्याला भिंगातून दाखवली तेव्हा तो खाली बसला. कार्ड वाचलं नाही. नेता-आणता येणारं मशीन हवं असेल तर कार्ड राइजर केबलवर (कार्ड मदरबोर्डला जोडणारी लवचिक पट्टी), मदरबोर्डच्या पाठीमागे उभं बसेल असंच कॅबिनेट घ्या. नाहीतर प्रवासाआधी कार्ड काढा. काचेची बाजू तर नकोच.

खिडकीजवळचं टेबल:

माझं कॅबिनेट तसंच आहे, कार्ड पाठीमागे. तरी शिवनेरीत खोकं पायाशी ठेवते, डिकीत कधीच नाही.

मिनी पाठीवर:

एवढी मारामारी कशाला? ॲपलचा छोटा डेस्कटॉप, मॅक मिनी बघा. २०२४ चा एम-४ चिपवाला १२.७ सेंटीमीटर चौरस, ५ उंच, वजन ६७० ग्रॅम, एसएमपीएस आतच. भारतात आला तेव्हा ५९,९०० रुपये, १६ जीबी रॅमसह. मी तो टिफिनच्या पिशवीतून नेतो. घरी मॉनिटर, ऑफिसात मॉनिटर. फोर-के फुटेज कापतो, पंख्याचा आवाज नाही.

पासोड्या विठोबाजवळचा दुरुस्तीवाला:

मशीन उत्तम आहे. पण रॅम चिपवरच आहे, उद्या वाढवायची म्हटलं तर मी काही करू शकत नाही. ताईंनी लॅपटॉप सोडला तो याच कारणाने.

खिडकीजवळचं टेबल:

आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये जड सीन टाकला की मला स्वतंत्र कार्डाचा फरक मिनिटामिनिटाला दिसतो. फक्त एडिटिंग असतं तर मीही मिनीच घेतला असता.

म्युनिक-पुणे:

विमानप्रवासाचं कुणी बोललं नाही. आपल्याकडे देशांतर्गत विमानात केबिन बॅगेला ७ किलो. ताईंचं खोकं आणि मॉनिटर तिथेच ७ किलो १०० होतात, कीबोर्ड, माउस आणि वायरी अजून बाकी. परदेशातून येताना १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप बिनशुल्क आणता येतो. डेस्कटॉपला ती सवलत नाही, तो इतर सामानासोबत मर्यादेत मोजला जातो. मी वर्षातून दोनदा येतो, वडिलांच्या तब्येतीमुळे कधी चार दिवसांच्या तयारीने. हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी कामाची मुदत सांभाळली आहे, त्या वेळी मांडीवर जे होतं ते खोक्याने झालं नसतं.

साइटवरची:

म्युनिक-पुणे, काळजी घ्या वडिलांची.

ताई, दोन मशीनच्या सल्ल्याबद्दल बोलायचं राहिलं. मी तो करून पाहिला आहे. २०२२ मध्ये घरी डेस्कटॉप, सोबत हलका लॅपटॉप. एनीडेस्क साइटवर चाललं नाही, कारण तिथे फोनला रेंजच धड नाही. मग फाइल दोन्हीकडे. एका शुक्रवारी रात्री घरच्या मशीनवर पार्किंगवरच्या बीमची खोली १८ इंचांवरून २४ केली. शनिवारी साइटवर लॅपटॉपमधलं ड्रॉइंग उघडलं, ते जुनं होतं. शटरिंग १८ चं लागलं. सोमवारी स्ट्रक्चरल इंजिनियरने पकडलं म्हणून काँक्रीट पडायच्या आधी थांबलं. दोन दिवसांची मजुरी मी खिशातून भरली, आणि त्याहून वाईट म्हणजे मिस्त्री अजून प्रत्येक ड्रॉइंगला विचारतो, "मॅडम, हे नवं ना?"

त्या दिवसापासून माझ्याकडे एकच मशीन आणि एकच फाइल. महाग आहे, गरम होतं, चार वर्षांनी जाईल. त्या चार वर्षांचे पैसे मी समजून भरते.

खिडकीजवळचं टेबल:

हे मी विचारात घेतलं नव्हतं. माझं सगळं फुटेज एका एसएसडीवर असतं, ती एका खोक्यातून दुसऱ्यात जातच नाही, म्हणून तो धोका मला दिसला नाही. तुम्हाला दोन मशीनचा सल्ला दिला तो मागे घेते.

टेबलाचं म्हणणं मात्र सोडत नाही. माझ्यासारखे एडिटर, साउंडवाले, थ्रीडी करणारे शेकड्याने आहेत, जे हप्ते भरून लॅपटॉप घेतात आणि तो तीन वर्षं स्टँडवर ठेवून बाहेरच्या मॉनिटरला जोडतात. पुढचा लॅपटॉप घ्यायच्या आधी त्यांनी हा हिशेब करावा.

नाशिकचा बाबा:

मुलीला आर्किटेक्चरला प्रवेश मिळालाय, हॉस्टेलला राहणार. कॉलेजच्या यादीत ‘उच्च क्षमतेचा लॅपटॉप’ असं लिहिलंय. माझ्याकडे ९० हजार आहेत. काय घेऊ?

साइटवरची:

लॅपटॉपच घ्या, दादा. स्टुडिओचे तास वर्गात असतात, ज्यूरीला, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायला, मशीन हातात घेऊन जावं लागतं. पहिल्या वर्षी तर हातानेच ड्रॉइंग जास्त.

खिडकीजवळचं टेबल:

लॅपटॉप, पण ९० चा नको. ६०-६५ चा घ्या, उरलेले पैसे बाजूला ठेवा. तिसऱ्या वर्षी रेंडर सुरू झाले की खोलीवर छोटा डेस्कटॉप बांधता येईल.

साइटवरची:

म्हणजे पुन्हा दोन फाइली. दादा, ९० चाच घ्या.

पासोड्या विठोबाजवळचा दुरुस्तीवाला:

कुठलाही घ्या, पण बिल करायच्या आधी दुकानदाराला त्या मॉडेलचं खालचं झाकण उघडलेला फोटो मागा. रॅमचे दोन स्लॉट दिसले तर घ्या. एकही दिसला नाही तर पुढच्या दुकानात जा.