मदत हवी आहे : मुठा बोलतेय, पण शाळेचा निबंध होतोय

मुठाकाठ : अर्जंट! परवा पाठवायचंय. पुण्याची मुठा नदी स्वतः बोलतेय असं लिहिलंय, तर मैत्रीण म्हणते 'नदीचे आत्मवृत्त' वाटतं. काय बदलू? अलंकाराची व्याख्या नको, येते.

शनिवारपेठी : कथा की कविता? कुठे पाठवायचंय? दोन ओळी तरी टाका.

गाईडवाली ताई : निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असे वर्णन म्हणजे चेतनगुणोक्ती. उदा. 'चाफा बोलेना'. परीक्षेत विचारतात.

मुठाकाठ : व्याख्या नको म्हटलं ना ताई!! कथा आहे, स्पर्धेसाठी. पानशेतचा पूर, धरण फुटून पुण्यात आलेला. 'त्या दिवशी मी ओक्साबोक्शी रडले. पुणेकरांनो, मला माफ करा.'

अरसिक : नदी कशाला माफी मागेल? धरण काय तिने बांधलं? रडणं काढा. नदीला उतार कळतो, गाळ कळतो, कमानीत अडकलेलं लाकूड कळतं. वाडे तिच्या लेखी नुसते आडवे आलेले. एवढंच लिहा, वाचणारा हादरेल.

शब्दप्रभू : मग तो पाटबंधारे खात्याचा अहवाल होईल. भावना हवीच. मेघदूत बघा, यक्ष ढगाकरवी बायकोला निरोप पाठवतो. धूर, तेज, पाणी, वारा यांचा ढग निरोप कसा नेणार, ही शंका कालिदासच काढतो आणि वर सांगतो, प्रेमाने व्याकूळ झालेल्याला सजीव-निर्जीव कळत नाही.

अरसिक : म्हणजे वेड यक्षाला लागलंय. ढग अख्ख्या काव्यात अवाक्षर बोलत नाही! तुम्ही माझीच बाजू मांडलीत.

जुना भिडू : पानशेत धरण मुठेवर नाही, आंबी नदीवर आहे. १२ जुलै १९६१ ला ते फुटलं, पाठोपाठ खडकवासला. आणि कथेत लकडी पूल असेल तर संभाजी पूल लिहा.

शनिवारपेठी : लकडी पूलच म्हणणार.

जुना भिडू : म्हणा. चूक ती चूक.

टंकवीर : युनिकोडमध्येच पाठवा, जुन्या फॉन्टची फाईल स्पर्धावाल्यांकडे उघडत नाही.

मुठाकाठ : अरसिक, म्हणजे मुठेशी बोलणारं माणूस हवं? पूर ओसरल्यावर चिखलात भांडी शोधणारी आजी आहे माझ्या कथेत, शेवटी.

अरसिक : तिला पहिल्या ओळीत आणा. मुठेला मनसोक्त शिव्या घालू दे. मुठेने उत्तर द्यायचं नाही.

शब्दप्रभू : एक तरी वाक्य बोलू द्या हो नदीला.

शनिवारपेठी : शब्दमर्यादा किती आहे?

मुठाकाठ : ८००. आत्ता २३०० झालेत.