जुळ्यांना अंगावर पाजायचं होतं, पोटात असताना काय तयारी केलीत?

काल भाचीचा फोन, सोनोग्राफीत दोन ठोके दिसलेत. अभिनंदन वगैरे झालं आणि पुढच्याच मिनिटाला रडवेल्या आवाजात, "मावशी, दोघांना पुरेल का गं माझं दूध?" सातव्या महिन्यात मी हेच दिसेल त्याला विचारत सुटले होते ते एकदम आठवलं. माझी दोघं आता फ्रीज रिकामा करण्याच्या वयात आहेत ते सोडा.

तेव्हा मला दूध वाढायचे उपाय शंभर जणींनी सांगितले, पण मुळात ते बनतं कसं हे सांगितलं एका लॅक्टेशन कन्सल्टंट बाईंनीच. जेवढं निघेल तेवढं बनतं, दोन तोंडं ओढणार असतील तर शरीर दोघांचं बनवायला लागतं, छातीच्या आकाराशी काही देणंघेणं नाही. फक्त सुरुवातीचे आठवडे २४ तासांत ८ ते १२ वेळा निघालं पाहिजे, बाळ ओढो नाहीतर पंप. मग त्यांनी दोन टॉवेलांच्या गुंडाळ्या केल्या, माझ्या दोन्ही काखांखाली दिल्या, पाय मागे डोकी पुढे, आणि म्हणाल्या, हं, आता नाक खाजवा! तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरलं की पाजताना घरात तिसरं कोणीतरी लागणारच, आणि ते कोण हे आत्ताच ठरवायचंय.

भाचीशी तासभर बोलले पण माझं एकटीचं किती पुरणार. ज्यांना जुळी आहेत त्यांनी लिहा ना, कशाचा उपयोग झाला, काय फुकट गेलं.

दुहेरी_गोंधळ
आमच्या दोघी ३४व्या आठवड्यातच आल्या, तयारी कसली बॅगसुद्धा भरली नव्हती. त्या एनआयसीयूत (नवजात बाळांचं आयसीयू) आणि मी वरच्या मजल्यावर टाके धरून. सिस्टरने शुद्धीवर आल्या आल्या हाताने चीक काढायला बसवलं, चमच्याच्या तळाला लागेल एवढे पिवळे घट्ट थेंब, मी म्हटलं हे काय दोघींना पुरणार, तर म्हणाल्या पहिल्या दिवशी एका वेळेला इतकंसंच लागतं हो, आणि सिरिंजमध्ये ओढून खाली घेऊन गेल्या. भाचीला सांगा पंप चालवायला आणि हाताने काढायला आधीच शिकून घे, निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आत येतात. इतक्या लवकर आलेल्यांना ओढणं, गिळणं, श्वास घेणं एकदम जमत नाही, आमच्या आधी नळीने, मग वाटी-चमच्याने, मग अंगावर. बाळं जवळ नसली तरी पहिल्या ६ तासांच्या आत काढायला सुरुवात करायची आणि रात्रीचं एकदा तरी चुकवायचं नाही, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

झोप_उधार
नाक खाजवा हाहाहाहा. माझं पाणी!! भरलेली बाटली समोर, दोन्ही हात अडकलेले, आणि पान्हा सुटला की तहान अशी लागते की बस. स्ट्रॉवाली बाटली घ्या. एवढाच सल्ला, कुकर झालाय.

पोटभर_दोन
मला ३०वा चालू आहे. मैत्रीण म्हणते आधीच चीक काढून सिरिंजमध्ये गोठवून ठेवतात. जुळ्यांत करतात का? कोणी केलंय?

निळी_छत्री
@पोटभर_दोन ३०ला अजिबात नको गं. निप्पलला सारखा हात लागला की ऑक्सिटोसिन सुटतं आणि त्यानेच गर्भाशय आकसतं. एकच बाळ आणि बाकी सगळं नीट असेल त्यांना ३६-३७ नंतर करू देतात, आपल्यात आधीच लवकर कळा यायची धास्ती, त्यामुळे डॉक्टर हो म्हणाल्याशिवाय नाहीच. मला सरळ नको म्हणाले, गर्भाशयाचं तोंड आखूड झालं होतं. आणि हो, टॉवेलने घासून निप्पल घट्ट करायचं कोणी सांगितलं तर हसून सोडून दे, उगाच कातडी सोलते. आत वळलेले असतील तर मात्र आत्ताच दाखवून घे.

पोटभर_दोन
बरं झालं विचारलं, आजपासून सुरू करणार होते 🙈

रात्रपाळीचा_बाबा
बाबा लोकांनी लिहिलं तर चालेल ना? बायको बाळंतपणाआधीच्या स्तनपानाच्या क्लासला गेली तेव्हा मी बाहेर गाडीत बसणार होतो, तिने ओढून आत नेलं. तिथे माझं काम ठरलं, एक उठला की दुसऱ्याला उठवायचं. झोपलेल्या बाळाला उठवायचं जिवावर यायचं पण नाहीतर ती रात्रभर एकामागून एक पाजतच बसली असती. दुसरं काम वही. कोण कधी कुठल्या बाजूला प्यायला, शू किती, शी किती. पाचव्या दिवसानंतर प्रत्येकाचे दिवसाला ६ तरी ओले लंगोट म्हणजे पोटात जातंय, हे गणित आईबापाच्या डोळ्यांवर सोडू नका, लिहाच. पहाटे दोघं सारखेच दिसतात म्हणून एकाच्या अंगठ्याला नेलपॉलिश लावलं होतं. वहीत एक नोंद अजून आहे, "नेलपॉलिशवाला, डावी बाजू. की दुसरा?? जाऊ दे."

झोप_उधार
कुठला रंग 😂

रात्रपाळीचा_बाबा
जो हाताला लागला तो, मरून. आई ओरडली, बाळाला रक्त आलंय म्हणून.

अर्धी_वाटी
दुसरी बाजू पण लिहिते. मी क्लास, मोठी उशी, पंप सगळं केलं होतं. बाळंतपणात रक्तस्राव खूप झाला, हिमोग्लोबिन पार खाली, दूध उतरायलाच वेळ लागला आणि दोघांना पुरेल इतकं कधी झालंच नाही. एकाला अंगावरचं तर दुसऱ्याला वरचं, पुढच्या खेपेला अदलाबदल, असं चाललं वर्षभर. भेटायला येणारी प्रत्येक बाई पहिला प्रश्न "अंगावर पाजतेस ना?" त्याला काय उत्तर द्यायचं हे कुठल्या क्लासात शिकवलं नव्हतं. आता सांगते, हो पाजत होते. लोहाच्या गोळ्या मनावर घ्या बायांनो, जुळ्यांत रक्त कमी व्हायचं प्रमाण जास्त असतं.

दुहेरी_गोंधळ
@अर्धी_वाटी मिठी गं. मला तर लिफ्टमध्ये विचारलं होतं एकीने.

सोफ्यावरची_आई
उशीबद्दल. जुळ्यांसाठीची रुंद उशी छानच, पण मला साध्या उशांचा ढीग आणि सोफा पुरला, खुर्चीत दोघं मावत नाहीत. आणि पहिल्या दिवसापासून दोघांना एकत्र घ्यायचा हट्ट नको, आधी एकेकाची पकड बसू दे. बसली की मग मजा, एकाने ओढलं की दोन्हीकडे पान्हा सुटतो, त्यामुळे माझ्या थोरल्याने जोर लावायचा आणि धाकटीला आयतं तोंडात. गृहपाठाचंही आता तेच चाललंय. बाजू रोज बदलायच्या, एकाची एक ठरवून टाकली तर जोरात ओढणाऱ्याची बाजू जास्त भरते आणि तुम्ही तिरक्या दिसता 😄

निळी_छत्री
थोरला धाकटी मध्ये किती अंतर?

सोफ्यावरची_आई
दोन मिनिटं. तो अजून ऐकवतो.

पोटभर_दोन
पंप आत्ताच घेऊन ठेवू का? आणि त्या कपाच्या साइझचं काय असतं?

दुहेरी_गोंधळ
साइझ निप्पलच्या रुंदीवर, मिलीमीटरमध्ये मोजायची, पण बाळंतपणानंतर बदलते त्यामुळे आत्ता घेऊन ठेवलेला कप बसेलच असं नाही. तुझ्या हॉस्पिटलात दोन्हीकडे एकदम चालणारा मोठा पंप आहे का आणि घरी भाड्याने मिळतो का, एवढं या आठवड्यात विचारून ठेव.