किंग आणि राजा: मूळ एक नाही

एकांनी 'राजा, लॅटिन रेक्स, इंग्रजी किंग हे सगळे एकाच मुळातले' असं लिहिलंय. पहिले दोन सख्खे, किंग मात्र वेगळ्या घरचा.

किंग, जर्मन क्योनिश, डच कोनिंग, स्वीडिश कुंग यांचं आदिजर्मॅनिक (म्हणजे या सगळ्या भाषांच्या समान पूर्वज भाषेतलं) रूप *कुनिंगाझ असं मांडतात. तारांकन अशासाठी की हे रूप लिहिलेलं कुठेच सापडत नाही, वंशजांवरून उलटं जुळवलंय. 'कुन्य' म्हणजे कुळ (इंग्रजी किन तेच) आणि '-इंग' म्हणजे त्यातला. म्हणजे कुळातला, खानदानी माणूस. हे कुळ मागे नेलं की आपल्या जन, जन्म, जनक यांच्या धातूशी पोचतं. आपल्याकडे जिथे 'ज', तिथे तिकडे 'क'.

मजा फिनिशमध्ये आहे. ती जर्मॅनिक भाषा नाहीच, पण तिने हा शब्द फार पूर्वी उसना घेतला आणि आजही राजाला कुनिंगास म्हणतात. जुन्या इंग्रजीत क्युनिंग झालं, म्हणजे शेवटचं '-आझ' गळून पडलं. फिनिशने ते '-आस' म्हणून जपलं. उसनवारीचा माल मूळ मालकापेक्षा नीट ठेवला!

रशियन 'क्न्याझ' (राजपुत्र, सरदार) हीसुद्धा त्याच जर्मॅनिक शब्दाची उसनवारी. लिथुएनियनमध्ये तर कुनिगास म्हणजे चक्क कॅथलिक पाद्री.

आणि हो, क्वीन ही किंगची स्त्रीलिंगी नव्हे. तिचा मूळ अर्थ नुसता 'बाई', आणि वेदातली 'ग्ना' (स्त्री, देवपत्नी) तिची नातलग.