मदत हवी आहे : कलोपचाराचा अभ्यास, आणि आपल्याकडच्या बायकांची चित्रं वाचायची कशी?

नमस्कार मंडळी,

मी अंबाजोगाईची. बीड जिल्ह्यात समुपदेशनाचं काम करते. ज्या घरांत शेतकऱ्याने आत्महत्या केली, त्या घरांतल्या बायकांचा एक गट आमच्याकडे येतो. वेगवेगळ्या समाजांत कलोपचार (आर्ट थेरपी) कसा केला जातो, यावर पीएचडी करते आहे आणि एका ठिकाणी अडले आहे.

बायकांकडून घर-झाड-माणूस चाचणी करून घेतली, म्हणजे घर, झाड आणि माणूस काढायला सांगून त्या चित्रांवरून मनाचा अंदाज घ्यायचा. जॉन बक यांनी १९४८ मध्ये मांडलेली ही चाचणी आपल्याकडे सर्रास वापरतात. एका ताईंनी घर काढलं, त्याला खिडकी नव्हती. पुस्तकी अर्थ लावायचा तर बाई मिटलेली, जगाशी संबंध तोडलेली. पण त्यांचं माहेर माळवदाचं. तिथे उजेड येतो तो वरच्या साण्यातून, भिंतीला खिडकी असतेच कुठे? मग त्या चित्रातून मी त्यांच्या मनाबद्दल काय सांगणार?

दुसऱ्या एकीने रंगपेटी हातातच घेतली नाही. ‘मला कुठं लिव्हाया येतंय ताई,’ म्हणून कागद परत दिला. पुढे एकदा आम्ही चिंध्यांचं गाठोडं मधे ठेवलं आणि वाकळ शिवायला बसलो. तेव्हा ह्याच बाईने घरून नवऱ्याचा जुना सदरा आणला. त्याची पट्टी काठाला न लावता आतल्या थरात घातली, वरून दिसणार नाही अशी. टाके घालता घालता त्या वर्षीच्या पावसाबद्दल बोलल्या, सावकाराबद्दल बोलल्या. कागदासमोर एक अक्षर निघालं नव्हतं.

बाहेरचं वाचते तेव्हा धीर येतो. अमेरिकेतल्या नव्हाहो आदिवासी लोकांत जमिनीवर रंगीत वाळूचं चित्र काढून आजाऱ्याला त्यावर बसवतात आणि विधी झाला की चित्र मोडून टाकतात. चित्र जपायचं नसतंच, आपल्या रांगोळीसारखं. ब्राझीलच्या मनोविकारतज्ज्ञ नीसे दा सिल्वेरा यांनी रुग्णांना विजेचे झटके द्यायला आणि लोबोटॉमी (मेंदूवरची शस्त्रक्रिया) करायला नकार दिला आणि १९४६ मध्ये रिओच्या मनोरुग्णालयात रुग्णांसाठी चित्रांची कार्यशाळा उघडली. असं असताना आपण मात्र छापील चाचणी पुढे करून बसायचं, हे मला पटत नाही.

तर विचारायचं आहे ते असं. वाकळ, रांगोळी, जात्यावरची ओवी यांना अभ्यासात कलोपचार म्हणता येईल का, की मार्गदर्शक ‘हा तर विरंगुळा’ म्हणून बाजूला सारतील? आणि फरक मोजायचा कशाने? पीएचक्यू-९ (नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) मराठीत आहे, पण आमच्या बायका ‘उदास वाटतं’ म्हणत नाहीत, ‘काळीज धडधडतं’, ‘जीव लागत नाही’ म्हणतात. असं काम कुणी केलं असेल तर कृपया लिहा. पुण्या-मुंबईचे अनुभवही चालतील, पण खेड्यातले असतील तर फार उपकार होतील.

प्रतिसाद :

ताई, मी मनोविकार विभागात व्यवसायोपचाराचं (ऑक्युपेशनल थेरपी) काम करायचो, आता निवृत्त आहे. एकट्या चित्रावरून निदान करूच नका. एकाच व्यक्तीची चित्रं ओळीने लावून बघा आणि अर्थ तिच्याच तोंडून येऊ द्या.

जपानचे मनोविकारतज्ज्ञ हिसाओ नाकाई यांची निसर्गदृश्य काढून घ्यायची पद्धत जरूर वाचा. १९६९ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसोबत काम करताना त्यांनी ती बसवली. कागदाची चौकट उपचारक स्वतः रुग्णासमोर आखतो. मग एकेक गोष्ट काढायला सांगतो : नदी, डोंगर, भातशेत, वाट, घर, झाड, माणूस, फूल, प्राणी, दगड. भातशेत का, तर ते त्यांच्या मुलखातलं. तुम्ही विहीर, बांध, बैल घ्या. ज्यांना कागद नको त्यांच्यासाठी वाकळ आहेच. तिला विरंगुळा म्हणू नयेत असं वाटत असेल तर प्रत्येक बैठकीची नोंद ठेवा : कोणतं कापड निवडलं, कुठे लावलं, तेव्हा काय बोलणं झालं. पीएचक्यू-९ ठेवाच, सोबत बायकांचेच शब्द घेऊन मुलाखतीचे प्रश्न तयार करा.

एक गोष्ट आधी करा. बैठकीत कुणाच्या तोंडून जिवाचं बरंवाईट करायची भाषा निघू शकते. जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांशी बोलून ठेवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सगळ्यांना पाठ करून द्या. वाकळीचे फोटो प्रबंधात घालायचे असतील तर प्रत्येकीची संमती वेगळी घ्या, सदरा कुणाचा हे गावात लगेच ओळखतात.

गटातल्या बायका एकाच भावकीतल्या आहेत का? तसं असेल तर जमिनीच्या वाटणीचं बोलणं सगळ्यांसमोर निघणार नाही, त्यांना आधी एकेकट्या भेटा.