'इम'चे स्पॅनिश: कुठे जुळते, कुठे फसते
'इम'ने सुरू होणारे इंग्रजी शब्द स्पॅनिशमध्ये तसेच राहतात, हे विधान अर्धेच खरे आहे. पुढे 'पी' असेल तर चालते: इम्पॉसिबल, इम्पोसिब्ले. पण इंग्रजीत जिथे जोड 'एम' येतो, तिथे स्पॅनिशमध्ये पहिला 'एन' होतो. इमिजिएट म्हणजे इन्मेदियातो, इमॉर्टल म्हणजे इन्मोर्ताल. इथे चुका सहज होतात, कारण इंग्रजी स्पेलिंग हाताला बसलेले असते.

इल्लीगलचा एक 'एल' गळतो, इलेगाल. दोन 'एल' लिहिले तर उच्चार 'य'कडे झुकतो. इर्रेग्युलरचे दोन 'आर' मात्र ठेवायचे.

इंग्रजीतल्या नकारार्थी 'अन' उपसर्गाला स्पॅनिशमध्ये एकच जोडीदार नाही: अनहॅपीला इन्फेलिस, अनएम्प्लॉइडला देसेम्प्लेआदो, अनफिनिश्डला तर सरळ दोन शब्द, सिन तेर्मिनार. हे शब्द सुटेसुटेच पाठ करावेत.