मृण्मयीच्या मुलाखतींबद्दल

अप्पा (सातारा), सकाळी ६.५०
वीणा, मृण्मयीने अमेरिकेत ओरल सर्जरीच्या (तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या) पुढच्या शिक्षणासाठी अर्ज भरून दोन महिने होत आले, तरी मुलाखतींचे काय झाले हे येथे कोणालाच ठाऊक नाही. सकाळी फिरायला येणारी मंडळी रोज विचारतात आणि मी रोज ‘कळवतील’ एवढेच सांगतो. नकार आला असेल तर तसेही लिहावे, आम्ही मनाला लावून घेणार नाही. पण निकालाची एखादी तारीख असेलच ना?

शुभांगीआत्या, सकाळी ७.१५
अप्पा, मीही परवा विचारले होते, तेव्हा वहिनीने नुसते हात जोडल्याचे चित्र पाठवले.

वीणा (कोलंबस, अमेरिका), सकाळी ७.४०
अप्पा, नमस्कार. शुभांगीताई, ते चित्र प्रश्न टाळण्यासाठी नव्हते, त्या दिवशी सांगण्यासारखे खरोखरच काही नव्हते. आज मृण्मयी झोपल्यावर सविस्तर लिहिते आहे.

अप्पा, अडचण हीच आहे की या टप्प्याला तारीख नसते. अर्ज ‘पास’ नावाच्या एकाच संगणकीय सेवेतून भरायचा असतो आणि तेथून तो आपण निवडलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमकडे, म्हणजे हे शिक्षण देणाऱ्या ठिकाणाकडे, जातो. पुढे ज्याचा त्याचा कारभार. कोणी सप्टेंबरात मुलाखतीची मेल पाठवतो, कोणी ऑक्टोबर सरता सरता, आणि ज्यांना बोलवायचे नाही त्यांना बरीच ठिकाणे काहीच कळवत नाहीत. त्यामुळे मेल आली नाही म्हणजे नकार समजायचा, की अर्ज अजून कोणी उघडलाच नाही असे समजायचे, हे ओळखायला मार्ग नसतो. ‘नकार आला असेल तर लिहा’ असे तुम्ही म्हणालात, पण नकारसुद्धा येत नाही, अप्पा.

मुलाखतीला एवढे महत्त्व का, तेही सांगते. साऱ्या देशात ओरल सर्जरीचे प्रोग्रॅम शंभराच्या आसपास आहेत आणि बहुतेक ठिकाणी वर्षाला एक-दोन, फार तर चार-पाच मुले घेतात. मुलाखती संपल्या की मुले आपली पसंतीयादी देतात, प्रोग्रॅम आपली देतात, आणि ‘मॅच’चा संगणक दोन्ही याद्या जुळवतो. ज्याला मुलाखतीला बोलावलेच नाही, त्याचे नाव त्यांच्या यादीत येणार कोठून? निकाल जानेवारीच्या अखेरीस लागतो हे खरे, पण बरेचसे याच आठवड्यांत ठरून जाते.

सुधीरकाका (कोल्हापूर), सकाळी ८.०५
अप्पा, आपल्याकडे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या नीट-एमडीएसला २४० प्रश्न आणि ९६० गुण असतात. रँक लागली की पुढची फेरी कधी आणि आपला नंबर कोठे, हे घरबसल्या कळते. मुलाखत हा प्रकारच नाही. तिकडे गुण हे फक्त उंबऱ्यापर्यंत नेतात. २०१२ मध्ये त्यांची दंतवैद्यकाची राष्ट्रीय परीक्षा नुसती उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशी झाली, मग मुलांमध्ये डावे-उजवे करायचे कसे, म्हणून वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली मूलभूत विज्ञानांची ‘सीबीएसई’ परीक्षा ओरल सर्जरीच्या अर्जदारांना देणे भाग पडले. (आपल्या शाळांच्या सीबीएसईशी तिचा संबंध नाही, हे शुभांगीसाठी!) मृण्मयीने ती दिलेली आहे, शिवाय सुट्टीत दोन ठिकाणी आठवडा-आठवडा एक्स्टर्नशिप (तेथल्या डॉक्टरांसोबत राहून काम पाहणे) करून रात्रीच्या इमर्जन्सीही पाहिल्या आहेत. तिच्या हातात होते ते सारे तिने केले आहे.

आणखी एक. फिरायला येणाऱ्या मंडळींना ‘दात काढण्याचे शिक्षण’ असे सांगू नका. मोडलेला जबडा बसवणे, दुभंगलेले ओठ आणि टाळू, जबड्यातल्या गाठी, गुटखा-सुपारीने ज्यांचे तोंड उघडेनासे झाले ते रुग्ण, हे सगळे त्यात येते. त्यासाठी चार वर्षे लागतात, आणि एमडीची पदवीही घ्यायची असेल तर बहुधा सहा.

शुभांगीआत्या, सकाळी ८.२०
वहिनी, मग एकही मेल आलेली नाही का?

वीणा, सकाळी ८.४५
आल्या आहेत, पण आकडा तीच सांगेल. मी माझी चूक तेवढी सांगते. मेल आली की तीन-चार तारखांतून एक निवडायची असते आणि त्या तारखा पाहता पाहता भरतात. मृण्मयी क्लिनिकमध्ये असते, हातात ग्लोव्ह्ज, समोर तोंड उघडून बसलेला पेशंट, आणि फोन लॉकरमध्ये. म्हणून तिने मेलचा पासवर्ड मला देऊन ठेवला. सप्टेंबरात एके दिवशी मी कणीक मळत असताना मेल वाजली. तसेच पिठाचे हात फडक्याला पुसून मी पहिला शुक्रवार पक्का करून टाकला. त्याच शुक्रवारी तिची दुसऱ्या राज्यात मुलाखत ठरलेली होती आणि तसा कागद आमच्या फ्रिजवर माझ्याच अक्षरात लावलेला होता! तिने क्षमा मागणारी मेल लिहिली. तेथल्या बाईंनी सौजन्याने उत्तर दिले, परंतु दुसरी तारीख न देता प्रतीक्षायादीत घातले. त्यावर ती मला एक शब्दही बोलली नाही, आणि ते मला फार लागले.

मृण्मयी, दुपारी ४.१०
अप्पा, मी आत्ता उठले आणि सगळे वाचले. आईने तो शुक्रवार अजून सोडलेला नाही, पण तेथून कालच नवी तारीख आली आहे. हे मी तिला सकाळी चहाच्या वेळी सांगणार होते.

आतापर्यंत पाच ठिकाणांहून बोलावणे आले आणि त्यातले एक मी आपणहून परत केले, कारण आदल्या दिवशी मला देशाच्या दुसऱ्या टोकाला असायचे होते आणि विमानाचा खर्च ज्याचा त्याने करायचा असतो. जायचे नसेल तर लवकर कळवावे, अशी आम्हा मुलांत रीत आहे, कारण ती जागा यादीतल्या पुढच्याला मिळते. माझ्या वर्गातल्या एका मुलाला अशीच सुटलेली जागा मुलाखतीच्या चार दिवस आधी मिळाली आणि तो रात्रभर गाडी चालवत गेला. म्हणून नोव्हेंबरातही मेल येऊ शकतात. कोठेच मॅच झाले नाही तर वर्षभराची इंटर्नशिप करून पुन्हा अर्ज करीन. तशी पुष्कळ मुले करतात.

एक विनंती आहे. फोन लॉकरमध्ये असला तरी मनगटावरचे घड्याळ गाऊनच्या बाहीखाली थरथरते. काल दाढेचे माप घेताना ते तीनदा थरथरले आणि प्रत्येक वेळी वाटले की मेलच आली. ‘शुभ संध्याकाळ’ची तीन चित्रे होती.

शुभांगीआत्या, दुपारी ४.१५
बाळा, ती मीच पाठवली होती. मला काय माहीत!

अप्पा, दुपारी ४.३०
तुमचे सकाळचे नऊ म्हणजे आमचे संध्याकाळचे साडेसहा, असे सुधीरने सांगितले. तेव्हा आजपासून संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन या वेळेत या ग्रुपवर कोणीही काहीही पाठवायचे नाही. कार्तिकी एकादशीची चित्रे शुभांगीने भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकावीत. आणि फिरायला येणाऱ्यांना मी आता चार असे सांगतो, की पाच?