शब्दांचे साचे ओळखून स्पॅनिश येते का?

उंबरठा:
‘इंग्रजीतल्या “शन”च्या जागी “सिओन” लावा, हजारभर शब्द फुकट मिळतील आणि तीन महिन्यांत स्पॅनिश बोलू लागाल,’ असा सल्ला काल इथे दिला गेला, आणि त्याखालच्या टाळ्या पाहून हे लिहिणे भाग पडले. ‘नासिओन’ मिळतो, मान्य. पण ट्रान्सलेशनला तिथे ‘त्रादुक्सिओन’ म्हणतात आणि ‘एक्सितो’ म्हणजे बाहेर पडण्याचे दार नसून यश. शिवाय वाक्य चालते क्रियापदावर, आणि ‘मी शकतो’ला ‘प्वेदो’ म्हणणारी भाषा ‘आम्ही शकतो’ला ‘पोदेमोस’ का म्हणते, हे कोणता साचा सांगणार?

काजूबी:
अहो, तुमचे उदाहरण तुमच्यावरच उलटते. अशा क्रियापदांत आघात, म्हणजे उच्चारातला जोर, ‘ओ’वर पडला की त्याचा ‘वे’ होतो. ‘पोदेमोस’मध्ये आघात पुढे सरकतो, म्हणून ‘ओ’ टिकतो. आणि मराठी माणसाला इंग्रजीचा टेकू हवाच कशाला? ‘मे गुस्ता एल मांगो’ ही ‘मला आंबा आवडतो’चीच घडण आहे, आंबे अनेक झाले की आपले ‘आवडतात’, त्यांचे ‘गुस्तान’. चावी, साबण, पगार, बटाटा हे स्पॅनिशच्या बहिणीचे, पोर्तुगीजचे, शब्द तर आपल्या घरातच आहेत, म्हणजे निम्मे काम झालेले आहे.

कंदमूळ:
त्याच भरवशावर मी अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसला भाजीवाल्याकडे दोन किलो ‘बाताता’ मागितले आणि रताळी घेऊन घरी आलो, कारण तिथे बटाट्याला ‘पापा’ म्हणतात. (दुसऱ्या दिवशी एकादशी होती, एवढेच नशीब.) साबणाला ‘खाबोन’ आणि चावीला ‘याबे’ म्हणणाऱ्या भाषेत निम्मे काम कुठे झाले, ते दाखवा. माझी घरमालकीण तर ‘शाबे’ म्हणत असे.

काजूबी:
एका भाजीवाल्यावरून भाषाशास्त्र ठरवू नये. लॅटिन ‘क्लाविस’मधल्या ‘क्ल’चा स्पॅनिशमध्ये ‘य’ झाला आणि पोर्तुगीजमध्ये ‘च’, जो पुढे तिकडे ‘श’ झाला. आपण मात्र जुना ‘च’ जपला. पावसाचेही तसेच, ‘युबिया’ आणि ‘शुवा’. पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, शिकलेले माझे आजोबा एकही धडा न घेता स्पॅनिश पत्रे वाचत.

कंदमूळ:
वाचत, बोलत होते का? त्यांना पोर्तुगीज येत होती, आम्हाला फक्त चावी येते. मुद्दा रताळ्यांचाच आहे.

उंबरठा:
‘पोदेमोस’बाबत मी चुकलो, आपला विजय असो. दोन वर्षे वर्गात आमच्याकडून तक्ते घोकून घेतले, पण आघाताची ही गोष्ट कोणी सांगितली नाही, याचा राग मी बहुधा चुकीच्या ठिकाणी काढला. ‘आवडतो’चे उदाहरणही घेतो, कालच्या सल्ल्यात मात्र ते कुठेही नव्हते.